उलटतपास: कोर्टात बोललं गेलेलं आणि कागदावर आलेलं

महाराष्ट्रातल्या एखाद्या सत्र न्यायालयातल्या साक्षीची नक्कल मिळवून वाचा. उलटतपासाच्या शेवटी एक वाक्य बहुधा सापडतंच: ‘मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ साक्षीदार असं आपणहून बोललेला नसतो. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, ‘तुम्ही खोटं सांगताय ना?’ साक्षीदार म्हणाला, ‘नाही.’ न्यायाधीशांनी दोन्ही मिळून एक सलग विधान केलं आणि ते टंकलेखकाला सांगितलं. त्याच्या वर अशीच आणखी दहा-पंधरा विधानं असतात आणि त्यातली बरीचशी ‘खरे नाही’ या दोन शब्दांवर संपतात.

नवख्या वकिलाला त्या दिवशी वाटतं, आज साक्षीदाराला चांगलंच धरलं. पुढे खटला निकालाला येतो तोवर कधी न्यायाधीशांची बदली झालेली असते. नवे न्यायाधीश आधी नोंदवलेल्या साक्षीवर निकाल देऊ शकतात, आणि त्यांच्यापुढे असतो तो फक्त हा कागद. साक्षीदार चाचरला, त्याला घाम फुटला, तो सारखा मागे वळून कुणाकडे तरी बघत होता, यातलं कागदावर काही नसतं. साक्षीदाराच्या वागण्याची नोंद घेण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे, पण वकिलाने तिथल्या तिथे विनंती केली नाही तर ती क्वचितच होते. अपिलात उच्च न्यायालय वाचतं तेही हेच कागद.

पुराव्याचा कायदा समजून घ्यायचा तर इथून सुरुवात करावी असं मला वाटतं. काय कागदावर येऊ शकतं, कुणाच्या तोंडून येऊ शकतं आणि आलेलं पुढे कसं वाचलं जाईल, या तीन प्रश्नांभोवती सगळी कलमं फिरतात. उलटतपासाचं कौशल्यही त्यातूनच येतं.

आधी कायद्याबद्दल थोडं

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याआधी दीडशे वर्षं १८७२ चा पुरावा कायदा होता, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेला. जुन्यात १६७ कलमं होती, नव्यात १७० आहेत. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा भाग वगळला तर आशय बराचसा तोच आहे, क्रमांक मात्र बदलले. १ जुलै २०२४ ला जे खटले चालू होते ते जुन्या कायद्यानेच पुढे चालतात, म्हणून आज एकाच कोर्टात सकाळी ‘कलम २७’ आणि दुपारी ‘कलम २३ चं परंतुक’ ऐकू येतं. मुद्दा एकच असतो: कोठडीतल्या आरोपीच्या माहितीवरून सापडलेली वस्तू. या लेखात मी नवे क्रमांक देतो आहे.

एक उदाहरण घेऊ, ते शेवटपर्यंत उपयोगी पडेल. समजा, बांधावरून भावकीत वाद आहे. रात्री मारामारी झाली, एकाच्या डोक्यात कुऱ्हाड बसली आणि तो मेला. शेतीपंपाला रात्रीची वीज होती म्हणून शेजारच्या शेतात दारं धरायला आलेला एक माणूस म्हणतो, ‘मी डोळ्यांनी बघितलं.’ त्याची बायको म्हणते, ‘यांनी घरी येऊन मला सगळं सांगितलं.’ पोलिसांनी आरोपीला पकडलं, त्याने कुऱ्हाड कुठे लपवली ते सांगितलं आणि पंचांसमक्ष काढून दिली.

कलम ५५ सांगतं की तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा. पाहण्याची गोष्ट असेल तर ज्याने पाहिली त्यानेच सांगायची, ऐकण्याची असेल तर ज्याने ऐकली त्याने. म्हणून ‘अमक्याने वार केला’ हे सिद्ध करायला बायकोची साक्ष चालत नाही. तिने स्वतः काय अनुभवलं, म्हणजे नवरा किती वाजता आला, तो कसा घाबरलेला होता, त्याने काही सांगितलं की गप्प बसला, एवढं ती सांगू शकते. ऐकीव पुरावा का नको, याचं कारण सरळ आहे. ज्याने पाहिलं त्याला विचारता येतं: तू किती अंतरावर होतास, मध्ये ऊस होता का, चष्मा लावला होतास का? ज्याने नुसतं ऐकलं त्याला यातलं काही विचारून उपयोग नाही. उलटतपासाची सोय नाही म्हणून तो पुरावा बाहेर ठेवायचा, ही त्यामागची दृष्टी आहे.

याला मोठा अपवाद मृत्युपूर्व जबाबाचा, कलम २६. मेलेल्या माणसाचा उलटतपास होऊ शकत नाही, तरीही त्याने मरणाच्या कारणाबद्दल सांगितलेलं स्वीकारलं जातं. जबाब देताना रुग्ण शुद्धीवर आणि सांगण्याच्या मनःस्थितीत होता असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र नसेल तर तो जबाब फेकून द्यायचा का, यावर बराच काळ उलटसुलट निकाल येत होते. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो वाद मिटवला. प्रमाणपत्र हा खबरदारीचा भाग आहे. जबाब घेणाऱ्याची खात्री पटलेली असेल आणि ती पुराव्यातून दिसत असेल, तर प्रमाणपत्र नाही एवढ्यावरून जबाब बाद होत नाही.

आता कुऱ्हाड. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही. मारहाण करून कबुली घेण्याची वाट बंद राहावी म्हणून हा नियम आहे आणि तो जितका कडक राहील तितकं बरं. पण कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग चालतो जो सापडण्याशी थेट जोडलेला आहे. पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात डिसेंबर १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, ही रेघ आखली आणि ती आजही तशीच आहे. ‘मी कुऱ्हाड गोठ्याच्या आढ्यात लपवली आहे, काढून देतो’ हे चालेल. ‘जिने मी त्याला मारलं’ हे चालणार नाही. निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीच्या या सांगण्याची पंचांसमोर केलेली नोंद, वाचताना बचावाच्या वकिलाची पेन्सिल पहिल्यांदा तिथे थांबली पाहिजे. सरकारी वकिलाने सगळा पंचनामा एका दमात वाचून घेतला आणि कुणी हरकत घेतली नाही, तर न चालणारं वाक्यही कागदावर बसतं. कायद्याने ते दुर्लक्षित व्हायला हवं, पण वाचणाऱ्याच्या मनातून पुसलं जाईलच याची हमी कोण देणार?

पंचनाम्याबद्दल लोकांचा एक पक्का गैरसमज आहे. पंचनामा हा स्वतः पुरावा आहे असं मानलं जातं. खरं तर पंच कोर्टात येऊन काय सांगतो तो पुरावा, पंचनामा त्याला दुजोरा देतो. पंच ‘माझ्यासमोर काही घडलं नाही, पोलिसांनी कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या’ असं म्हणाला की नुसत्या कागदाचं वजन फार उरत नाही. मग तपासी अंमलदाराच्या साक्षीवर सगळी भिस्त येते.

सरतपास, उलटतपास, फेरतपास

ज्याने साक्षीदार बोलावला त्याने आधी विचारायचं तो सरतपास. समोरच्याने विचारायचं तो उलटतपास. उलटतपासात काही उलगडायचं राहिलं तर पहिल्याने पुन्हा विचारायचं तो फेरतपास, आणि त्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा विषय काढता येत नाही. उलटतपास मात्र सरतपासात आलेल्या गोष्टींपुरता मर्यादित नसतो. खटल्याशी संबंधित काहीही विचारता येतं.

सरतपासात सूचक प्रश्नाला समोरून हरकत आली तर तो थांबतो. ‘तेव्हा खांबावरचा दिवा चालू होता ना?’ हा सूचक प्रश्न, उत्तर त्याच्या पोटातच आहे. ‘तेव्हा उजेड कसा होता?’ हा साधा प्रश्न. नाव, गाव, धंदा अशा वादाबाहेरच्या गोष्टींसाठी सूचक विचारलं तरी चालतं. उलटतपासात सूचक प्रश्नांची पूर्ण मुभा आहे, आणि जाणकार वकील तिथे जवळजवळ सगळे प्रश्न सूचकच विचारतो.

चांगला सरतपास घेणं हे मला उलटतपासापेक्षा अवघड वाटतं, पण त्याचं कौतुक कमी होतं. साक्षीदाराला स्वतःच्या शब्दांत, घडलं त्या क्रमाने बोलू द्यायचं, तो भरकटला तर सूचक न विचारता परत आणायचं आणि त्याच्या साक्षीतली कमजोर जागा आपणच आधी उघड करायची. ‘तुमचं आणि आरोपीचं पूर्वी भांडण झालं होतं का?’ हे सरकारी वकिलानेच विचारलं तर उलटतपासात त्याची धार बोथट होते.

दिवाणी दाव्यात तर सरतपास तोंडी होतच नाही म्हटलं तरी चालेल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम ४ प्रमाणे सरतपासाचं शपथपत्र दाखल होतं. ते वकील लिहितो, साक्षीदार सही करतो. इथे एक अपघात वारंवार होतो. वादी असतात सातवीपर्यंत शिकलेल्या शेतकरी आजी आणि शपथपत्रात वाक्य असतं, ‘सदर मिळकतीवर माझा अखंड, निर्वेध व शांततापूर्ण कब्जा आहे.’ उलटतपासाचा पहिला प्रश्न येतो, ‘आजी, निर्वेध म्हणजे काय?’ त्या गप्प बसतात आणि खरी असलेली साक्ष शिकवलेली वाटायला लागते. ‘१९९० पासून ही जमीन मीच कसते, ज्वारी लावते, सारा मी भरते, आजवर कुणी अडवलं नाही’ असं लिहिलं असतं तर आजींनी कितीही प्रश्न झेलले असते.

ओमिशन आणि कॉन्ट्रॅडिक्शन

फौजदारी उलटतपासाचा कणा इथे आहे, आणि सर्वांत जास्त चुका होतात त्याही इथेच. म्हणून जरा थांबून सांगतो.

पोलीस तपासात साक्षीदारांचे जबाब नोंदवतात. त्यावर साक्षीदाराची सही नसते, कायद्यानेच ती घ्यायची नसते. हा जबाब पुरावा नसतो. खटल्यात त्याचा उपयोग मुख्यतः एकाच कामासाठी होतो: साक्षीदार कोर्टात जे सांगतो आहे त्याच्याशी तो विसंगत आहे हे दाखवायला. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्ये आहे. विसंगती कशी दाखवायची त्याची रीत साक्ष्य अधिनियमाच्या कलम १४८ मध्ये दिली आहे.

विसंगती दोन प्रकारची. जबाबात एक आणि साक्षीत दुसरंच असेल तर ती कॉन्ट्रॅडिक्शन. जबाबात जी गोष्ट नाहीच ती साक्षीत पहिल्यांदा आली तर ते ओमिशन. मराठी बोलणारे वकीलही हेच शब्द वापरतात.

आपल्या साक्षीदाराचं बघू. कोर्टात तो म्हणतो, ‘खांबावरच्या दिव्याच्या उजेडात मी आरोपीला ओळखलं.’ पोलिसांच्या जबाबात खांबाचा किंवा दिव्याचा उल्लेख नाही. रात्रीच्या घटनेत ओळखीवर सगळं अवलंबून असताना हे मोठं ओमिशन आहे. आता काय करायचं? पुष्कळ वकील इथे आवाज चढवतात: ‘म्हणजे तुम्ही आज पहिल्यांदाच हे सांगताय!’ साक्षीदार म्हणतो, ‘नाही, पोलिसांना सांगितलं होतं.’ झालं, वकील पुढे सरकतो. कागदावर फक्त साक्षीदाराचा नकार राहतो.

योग्य रीत अशी. आधी साक्षीदाराकडून कोर्टातलं विधान पक्कं करून घ्यायचं, त्याला परत फिरायला जागा राहू नये इतकं. मग विचारायचं, जबाब देताना ही गोष्ट पोलिसांना सांगितली होती का? बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ येतं. तेव्हा जबाब त्याच्यापुढे ठेवायचा, त्यात ती गोष्ट नाही हे दाखवायचं. मग न्यायाधीश साधारण असं नोंदवतात: ‘खांबावरच्या दिव्याच्या उजेडात पाहिल्याचे मी पोलिसांना सांगितले होते. ते माझ्या जबाबात का लिहिले नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही.’ कॉन्ट्रॅडिक्शन असेल, म्हणजे जबाबात ‘अंधार असल्याने कोण होते ते दिसले नाही’ असं लिहिलेलं असेल, तर ते नेमकं वाक्य साक्षीदाराला वाचून दाखवावं लागतं. तो ‘मी असं सांगितलं नव्हतं’ म्हणाला की त्या वाक्याला ‘पोर्शन मार्क ए’ अशी खूण होते.

इथे निम्मं काम झालं. साक्षीदार जे म्हणतो ते एका बाजूला आणि जबाबाचा कागद दुसऱ्या बाजूला, कोण खरं हे अजून ठरलेलं नाही. जबाब ज्याने लिहिला त्या तपासी अंमलदाराला त्याच्या साक्षीच्या वेळी विचारावं लागतं: साक्षीदाराने तुम्हाला खांबाच्या दिव्याबद्दल सांगितलं होतं का? तो म्हणाला ‘नाही’ की ओमिशन सिद्ध झालं. पोर्शन मार्क ए त्याने साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणेच लिहिला, असं तो म्हणाला की कॉन्ट्रॅडिक्शन सिद्ध झालं आणि त्या भागाला निशाणी क्रमांक, म्हणजे पुराव्यातल्या कागदाला कोर्ट देतं तो क्रमांक, मिळतो. साक्षीदाराची साक्ष होऊन अंमलदाराची पाळी येईपर्यंत कधी कधी वर्ष उलटतं, अंमलदाराची बदली झालेली असते, वकिलाची फाइल दुसऱ्याच्या हातात गेलेली असते, आणि हा एक प्रश्न विचारायचा राहतो. एवढ्या मेहनतीने काढलेलं ओमिशन मग निकालात कुठे दिसतच नाही. ज्युनिअरने पहिल्या साक्षीदारापासून एक वेगळा कागद ठेवावा, त्यावर अंमलदाराला विचारायची प्रत्येक ओळ त्याच दिवशी लिहावी. याहून उपयोगी सवय मला ठाऊक नाही.

प्रत्येक वगळलेली गोष्ट महत्त्वाची नसते, हेही तितकंच खरं. तहसीलदार सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९५९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पोलीस जबाबात काय काय नाही याची जंत्री विचारणं म्हणजे उलटतपास नव्हे. पुढे कायद्यातच स्पष्टीकरण आलं की वगळलेली गोष्ट त्या संदर्भात ठळक आणि महत्त्वाची असेल तर ती विसंगती ठरू शकते. आरोपीच्या सदऱ्याचा रंग जबाबात नव्हता याने काही बिघडत नाही. वार कुणी केला हेच नव्हतं तर खटला कोसळू शकतो. वीस किरकोळ ओमिशन काढणाऱ्या वकिलाचं एकविसावं, खरं ओमिशनही त्या गर्दीत हरवतं. शिवाय ‘एक गोष्ट खोटी म्हणजे सगळी साक्ष खोटी’ हे तत्त्व आपल्याकडे मानलं जात नाही. न्यायालय दाणे आणि फोलपट वेगळं करतं.

कुठे थांबायचं

उजेडाबद्दल ओमिशन नीट नोंदवून झालं. आता शहाणा वकील विषय बदलतो. पण मोह होतो, आणि तो विचारतो, ‘मग अंधारात तुम्ही ओळखलंत कसं?’ साक्षीदार म्हणतो, ‘साहेब, चुलतभाऊ आहे माझा. चाळीस वर्षं त्याचा आवाज ऐकतोय. शिवी दिली तेव्हाच कळलं.’ सरतपासात नसलेला, सरकारी वकिलाला न सुचलेला पुरावा बचावाच्या वकिलाने स्वतः मिळवून दिला. ‘का’ आणि ‘कसं’ हे प्रश्न साक्षीदाराला मोकळं रान देतात.

अमेरिकेतल्या दिवाणी दाव्यांत ही अडचण बरीच कमी असते. तिथे खटला उभा राहण्याआधी समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला शपथेवर बसवून प्रश्न विचारता येतात, त्याला डिपॉझिशन म्हणतात. संघीय नियमांप्रमाणे एका साक्षीदाराला एक दिवस, सात तास, आणि परवानगीशिवाय एका बाजूने दहापर्यंत डिपॉझिशन. तिथे वकील मुद्दाम ‘का’ आणि ‘कसं’ विचारतो, कारण हेतूच माहिती काढण्याचा असतो. पुढे कोर्टात साक्षीदार बदलला तर ते उत्तर त्याच्यापुढे धरता येतं. आपल्याकडे असा टप्पा नाही. साक्षीदाराची आणि बचावाच्या वकिलाची पहिली भेट पिंजऱ्यातच होते. हातात पोलिसांचा जबाब, पंचनामे, शवविच्छेदन अहवाल आणि नकाशा एवढंच. म्हणून घटनास्थळी स्वतः जाऊन यावं. खांब कुठे आहे, तिथून बांध किती पावलांवर आहे, त्या महिन्यात ऊस किती उंच असतो, हे डोळ्यांनी पाहिलेला वकील साध्या प्रश्नांनी जे मिळवतो ते ओरडणाऱ्याला कधी मिळत नाही.

थांबण्याची दुसरी जागा म्हणजे सूचना. उलटतपासात आपली बाजू प्रश्नांच्या रूपाने साक्षीदारापुढे मांडावी लागते, त्यालाच सूचना म्हणतात. ब्राऊन विरुद्ध डन या १८९३ च्या इंग्लिश निकालापासूनचा नियम आहे: साक्षीदाराच्या ज्या विधानाला तुम्ही आव्हान देत नाही ते तुम्हाला मान्य आहे असं धरलं जाऊ शकतं. आपल्या न्यायालयांनी तो वारंवार उचलून धरला आहे. म्हणून सूचना द्याव्याच लागतात. पण त्या कशा शब्दांत द्यायच्या, याचा विचार अनेकदा होत नाही. ‘आरोपी त्या रात्री गावात नव्हताच’ अशी बाजू असताना कुणी घाईत विचारतो, ‘आरोपी भांडण सोडवायला मध्ये पडला आणि झटापटीत कुऱ्हाड लागली ना?’ साक्षीदार ‘नाही’ म्हणतो, पण आरोपी तिथे होता हे त्याच्याच वकिलाने सुचवून झालं. बाळू सुदाम खलदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितलं की बचावाच्या वकिलाने दिलेल्या सूचना आणि त्यावरची उत्तरं हा पुराव्याचा भाग असतो आणि तो आरोपीविरुद्धही विचारात घेता येतो. उलटतपासाच्या सूचना म्हणजे शेवटी उरकायचा उपचार, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

फितूर साक्षीदाराचं थोडक्यात. आपणच बोलावलेला साक्षीदार उलटला तर कलम १५७ प्रमाणे कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकील त्याला उलटतपासासारखे प्रश्न विचारतो. फितूर झाला म्हणून त्याची साक्ष पुसली जात नाही. जितका भाग विश्वासार्ह वाटेल तितका दोन्ही बाजूंना वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ पासून अनेकदा सांगितलं आहे. साक्षीदार का उलटतात याचं उत्तर मात्र कोर्टाबाहेर असतं. पाच-सात वर्षं तारखा, बुडणारी मजुरी, त्याच गावात आरोपीच्या घरासमोरून रोज जाणं. २०१७ साली महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणासाठी कायदा केला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना मान्य केली. ज्या साक्षीदाराला त्याची गरज आहे त्याला हे माहीत असतं का, असा प्रश्न मला सतत पडतो.

मोबाइल, कॅमेरा आणि जालन्याचा खटला

आज जवळजवळ प्रत्येक खटल्यात सीसीटीव्ही, कॉल रेकॉर्ड किंवा व्हॉट्सॲप असतं. त्याबद्दलचा देशभर लागू झालेला निकाल जालन्यातून गेला, म्हणून तो जरा सविस्तर.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी कैलास गोरंट्याल यांच्याविरुद्ध निवडून आले. गोरंट्याल यांनी निवडणूक याचिका केली. म्हणणं असं की अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ ला दुपारी ३ वाजता संपत होती आणि खोतकर यांचे अर्ज त्यानंतर घेतले गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चित्रीकरण होत होतं, त्याच्या सीडी होत्या. पण सीडी ही प्रत आहे. जुन्या कायद्याच्या कलम ६५ब प्रमाणे प्रतीसोबत प्रमाणपत्र हवं, आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. चित्रीकरण सरकारी, ताबा सरकारी आणि प्रमाणपत्र देणारेही तेच. मग याचिकाकर्त्याने करायचं काय?

याचिकेत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची साक्ष झाली, उलटतपास झाला. चित्रीकरण कसं झालं, ते कुणाच्या ताब्यात होतं, अर्ज किती वाजता आले, याबद्दलची उत्तरं कागदावर आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या साक्षीचा आधार घेत २०१७ साली निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १४ जुलै २०२० ला अपील फेटाळलं आणि कायदा स्पष्ट केला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र सक्तीचं, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ उपकरणच कोर्टात आणलं आणि मालकाने ते आपलं असल्याचं सांगितलं तर प्रमाणपत्र लागत नाही. आणि संबंधित अधिकारी देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करायचा, कोर्ट आदेश देऊ शकतं. ज्याने शक्य ते सगळं केलं त्याच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा कायदा धरत नाही. याचिकाकर्त्याने प्रयत्न केल्याचे अर्ज नोंदीवर होते म्हणून त्याला ही सूट मिळाली. पाठपुराव्याचे कागद नसते तर काय झालं असतं, याचा विचार प्रत्येक वकिलाने करावा.

नव्या कायद्यात हे कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. भाग ‘अ’ नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश मूल्य द्यायचं. हॅश मूल्य म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारी अक्षरं-आकड्यांची एक ओळ. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ती ओळ पूर्ण बदलते. जप्तीच्या वेळचं आणि कोर्टातलं हॅश मूल्य जुळलं नाही तर उलटतपासाला एवढा एकच मुद्दा पुरतो. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच असावा: हॅश केव्हा काढलं, कुणी काढलं आणि तोवर पेन ड्राइव्ह कुठे होता?

हरकत आणि सही

न चालणारा पुरावा येत असताना तोंड उघडायचं ते तेव्हाच. बिपीन शांतिलाल पांचाल या २००१ च्या निकालानंतर पद्धत अशी होती की न्यायाधीश हरकत नोंदवत, दस्ताला तात्पुरता क्रमांक देत आणि हरकतीचा निर्णय शेवटी निकालाच्या वेळी देत. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत बंधनकारक नाही असं सांगितलं: प्रश्नांवरच्या हरकती साक्ष चालू असतानाच, नाहीतर त्या साक्षीदाराची साक्ष संपताना ठरवायच्या. मुद्रांक शुल्काची हरकत मात्र लगेच ठरवावी लागते. दस्त सिद्ध करण्याच्या पद्धतीबद्दलची हरकत, उदाहरणार्थ मूळ दस्ताऐवजी झेरॉक्स प्रत, त्या वेळी घेतली नाही तर पुढे बहुधा घेता येत नाही. आणि निशाणी क्रमांक पडला म्हणजे दस्तातला मजकूर सिद्ध झाला असं नसतं. क्रमांक ओळखीसाठी असतो, मजकूर साक्षीतून शाबीत करावा लागतो.

साक्षीदार म्हणून ज्यांना कोर्टात जावं लागतं त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. ‘आठवत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे, अंदाजाने अंतर किंवा वेळ सांगू नका. अश्लील, बदनामीकारक किंवा नुसते अपमान करण्यासाठी विचारलेले प्रश्न थांबवण्याचा अधिकार कलम १५४ आणि १५५ ने न्यायाधीशांना दिला आहे. बलात्काराच्या खटल्यात संमतीचा मुद्दा काढून पीडितेच्या चारित्र्याबद्दल किंवा आधीच्या लैंगिक अनुभवाबद्दल विचारायला कलम १४९ ची बंदी आहे. असा प्रश्न आला तर सरकारी वकिलाने उत्तराची वाट न बघता उभं राहायला हवं.

साक्ष संपली की ती तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे, आणि तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत नोंदवली असेल तर समजेल अशा भाषेत. दिवस कलत आलेला असतो, सगळ्यांना घाई असते, साक्षीदाराला तिथून निघायचं असतं. तरी ऐका. ‘दहा फूट’ म्हणालात आणि ‘शंभर फूट’ टाइप झालं असेल तर तेव्हाच सांगा. न्यायाधीश दुरुस्ती करतील, किंवा तुमची हरकत टिपून खाली स्वतःचा शेरा लिहितील. सही त्यानंतर करायची.